आशाताईंच्या कागदावरचे शेवटचे दोन प्रश्न

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक कागद गावच्या आशाताईंना भरावा लागतो. कुणी त्याला ‘सीबॅक’ म्हणतं, कुणी नुसता ‘एनसीडीचा’, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचा, फॉर्म. जालना जिल्ह्यात अंबडपासून जाफराबादपर्यंत वाड्यावस्त्यांवर हा कागद फिरतो. टेप लावून कंबर मोजायची. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० च्या पुढे गेली तर दोन. मिश्री, तंबाखू आहे का? घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार? चुलीत काय जळतं, लाकूड, गोवऱ्या की घरी गॅस आहे? आणि अगदी शेवटी दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस गेला आहे का, आणि मन उदास, निराश राहतं का.

“वैनी, कामात मन लागतंय ना?”

“काही करूच वाटत नाही बघा ताई. छातीत धडधडतं, हातपाय गळाल्यावानी होतेत.”

हे उत्तर मराठवाड्यातल्या कुठल्याही उंबऱ्यावर ऐकू येतं. आता ते लिहायचं कुठं? कंबर, मिश्री, वय यांच्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की बाईला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचं. शेवटच्या दोन प्रश्नांच्या गुणांची बेरीज तीनच्या वर गेली की तिला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे (सीएचओ) किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं. बाई एक, कागद एक, बेरजा मात्र दोन. पहिल्या बेरजेचा दुसरीशी संबंध जोडणारी जागा त्या कागदावर नाही.

तशी जागा हवी, हे सांगणारा पुरावा आता बराच जमला आहे. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जपानी संशोधकांनी ४१ लाखांहून अधिक लोकांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या. नैराश्याचं निदान झालेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या १.३९ पट निघालं, तर स्त्रियांमध्ये इतर स्त्रियांच्या १.६४ पट. बातम्यांनी यातून ‘उदास बायकांना ६४ टक्के धोका’ असे मथळे काढले तर ती दिशाभूल होईल. ही वाढ आहे मूळ प्रमाणावरची, आणि चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये ते मूळ प्रमाण पुरुषांपेक्षा कमीच असतं. शिवाय नोंदी तपासून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरी स्त्री-पुरुषांतला हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

शरीरात काय घडत असावं याचे धागे बऱ्यापैकी हाती आले आहेत. उदासी महिनोन्महिने मुक्कामाला राहिली की ताणाची संप्रेरकं उतरायचं नाव घेत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बारीक सूज राहते, रक्तातल्या प्लेटलेट लवकर चिकटतात, आणि निरोगी हृदयाचे ठोके श्वासागणिक जे किंचित पुढेमागे होत असतात ती लवचीकता कमी होते. कमी व्होल्टेजवर विहिरीवरची मोटार चालते तसं हे आहे. पाणी येत असतं, त्यामुळे कुणी बघत नाही. पण वाइंडिंग आतून तापत असतं. त्यात झोप मोडते, बीपीची गोळी राहून जाते, मिश्री दिवसातून एकदाची चारदा होते आणि प्रत्येक वेळी निकोटीन ठोके वाढवतं.

अमेरिकेत एमरी विद्यापीठाच्या व्हायोला व्हॅकारिनो यांनी साठीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या स्त्री-पुरुषांना प्रयोगशाळेत चारचौघांसमोर एक ताण आणणारं भाषण करायला लावलं आणि त्याच वेळी हृदयाचा रक्तपुरवठा पाहिला. तो कमी पडला ११ टक्के पुरुषांमध्ये आणि २२ टक्के स्त्रियांमध्ये. मोठ्या रक्तवाहिन्यांतले अडथळे या फरकाचं कारण नव्हते. खूण सापडली ती बारीक रक्तवाहिन्यांच्या आकसण्यात, आणि नेहमीच्या अँजिओग्राफीत त्या दिसतच नाहीत.

मग उदासीवर इलाज केला तर हृदय वाचतं का? इथे मला दोन स्त्री-शास्त्रज्ञांची गोष्ट सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण हृदयविकाराच्या लोकप्रिय पुस्तकांत त्यांची नावं फारशी भेटत नाहीत.

पहिल्या मॉन्ट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ. १९८० च्या दशकात त्यांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दर महिन्याला फोन करून त्यांचा ताण विचारायचा आणि तो वाढला की नर्सला घरी पाठवायचं, असा प्रयोग केला. मृत्यू कमी झाले. रुग्ण मात्र सगळे पुरुष होते. १९९३ मध्ये त्यांनीच २२२ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं, की झटक्यानंतर नैराश्य असलेल्यांना पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका कित्येक पट जास्त असतो. मग तोच नर्सचा कार्यक्रम १३७६ रुग्णांवर, स्त्रियांसह, पुन्हा तपासला. १९९७ मध्ये निकाल आला: पुरुषांना फायदाही नाही, तोटाही नाही. स्त्रियांमध्ये मात्र कार्यक्रमातल्या ९.४ टक्के वर्षभरात हृदयविकाराने गेल्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५ टक्के. हा फरक योगायोगाच्या सीमेवरचा होता, तरीही स्वतःच्या कार्यक्रमाविरुद्ध गेलेला आकडा बाईंनी न लपवता छापला. विज्ञानातला हा प्रामाणिकपणा मला कुठल्याही मोठ्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसऱ्या स्टॉकहोमच्या क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर. त्यांनी पुरुषांवरचं काही उसनं घेतलंच नाही. हृदयविकाराने रुग्णालयात आलेल्या स्त्रियांकडेच त्या वळल्या आणि २००० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की नोकरीतल्या ताणाने या स्त्रियांचं दुखणं फारसं उलटत नाही. पण संसारात जाच असेल तर ते उलटण्याचा धोका २.९ पट होतो. मग २३७ स्त्रिया घेतल्या, निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्याबरोबर चार ते आठ जणींचा छोटा गट. वर्षभरात वीस बैठकी. धोक्याच्या गोष्टींची माहिती, अंग सैल सोडण्याचा सराव, आणि घरातला ताण कसा हाताळायचा यावर एकमेकींशी बोलणं. पुरुष एकही नाही. सुमारे सात वर्षांनी मोजलं तेव्हा गटाविना राहिलेल्यांपैकी २५ जणी दगावल्या होत्या, गटातल्या फक्त ८.

२३७ ही संख्या लहान आहे. नेमकं कशाने काम केलं, बोलण्याने, सरावाने की गोळ्या वेळेवर घेतल्याने, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. २००३ मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत समुपदेशनाने उदासी कमी झाली, पण झटके वा मृत्यू कमी झाले नाहीत. तरीसुद्धा स्त्रियांसाठी म्हणून आखलेल्या उपचाराने स्त्रिया जगल्याचा इतका ठळक निकाल क्वचितच मिळतो. एखादं औषध असं चाललं असतं तर त्याच्या जाहिराती गल्लोगल्ली लागल्या असत्या.

आपल्याकडे गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रातच नैराश्यावर समुपदेशन करवलं आणि २०१७ मध्ये ते उपयोगी पडतं हे चाचणीने दाखवलं. त्यात मोजमाप उदासीचं होतं. हृदयाचं मोजमाप आपल्याकडे बाकी आहे.

जालन्याला अशा समुपदेशनाची आणि मोजमापाची गरज आहे. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नाही. जालन्यासाठी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं आहे, पण कापूस वेचायला जाणारी, धडधड होते म्हणून खाजगी दवाखान्यात सलाईन लावून घेणारी बाई मनोरुग्णालयाची पायरी चढणार नाही. तिची धडधड ‘टेन्शन’ म्हणून सोडून देणं जितकं धोक्याचं, तितकंच ईसीजी चांगला आला म्हणून तिला ‘काही नाही’ सांगून परत पाठवणंही. बायकांच्या झटक्यातही छातीत दुखणं हीच मुख्य खूण असते. पण सोबत दम, पाठ किंवा जबडा दुखणं, मळमळ आणि न जाणारा थकवा जास्त वेळा येतो, आणि थकव्याला आपल्याकडे आजार कोण मानतं?

पहिलं पाऊल बिनखर्चाचं आहे. कागदावरच्या शेवटच्या दोन प्रश्नांची बेरीज तीनच्या वर गेली, की त्याच दिवशी त्या बाईचा बीपी आणि शुगर बघावी. आणि बीपी-शुगरची गोळी नव्याने सुरू झालेल्या बाईला तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत. कुणाला लगेच बोलायचं असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

दुसरं पाऊल संशोधनाचं. ऑर्थ-गोमेर यांना स्टॉकहोममध्ये गट बांधावे लागले. घनसावंगी, मंठा, परतूरच्या गावांत ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बायकांचे बचत गट आधीच आठवड्याला बसतात, हिशेब लिहितात, एकमेकींची अडचण ओळखतात. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाने बीपी असलेल्या बायकांचे काही गट निवडून अशा वीस बैठकी घ्याव्यात, शेजारच्या तालुक्यातले गट तुलनेला ठेवावेत, आणि बीपी, औषधांची नियमितता व त्या दोन प्रश्नांचे गुण पाच वर्षं मोजत राहावेत.