चांदीचे पाणी : कण की आयन?

आमच्या चितेगावात बारशाला चांदीची वाटी देतात. चांदी जंतुनाशक आहे हे खरे. मग चांदीचे पाणी औषध म्हणून रोज प्यावे काय?

अशा पाण्यात चांदी दोन रूपांत असते. कलिल रूपात अनेक अणूंचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. आयन रूपात एकेक विद्युतभारित अणू विरघळलेला असतो. अंधारात टॉर्चचा झोत सोडला की कलिलात प्रकाशाची वाट दिसते, आयनांच्या द्रावणात दिसत नाही. त्यात मिठाचे पाणी घातल्यास मात्र सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो.

जंतू मारतात ते मुख्यतः आयन. ते चटकन काम करतात, पण जठरातील क्लोराइडशी लगेच संयोग पावतात. कलिल कण म्हणजे आयनांचे कोठारच; ते आयन सावकाश सोडतात. म्हणून गाळणीत त्यांचा उपयोग होतो. २००९ साली बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' गाळणीत भाताच्या तुसांच्या राखेवर असेच कण बसवले होते.

आता धोका पाहू. कोणत्याही रूपातील चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचेत साठते आणि फोटोच्या फिल्मप्रमाणे उजेडाने काळवंडते. त्वचेचा हा निळसर करडा रंग सहसा कायमचाच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नसावी. लिटरला १० मिलिग्रॅम चांदीचे 'औषध' म्हणजे त्याच्या शंभरपट!

तेव्हा चांदी गाळणीत शोभते; पोटात नव्हे.