ग्रामसभेच्या जमाखर्चात ओढा आणि मधमाशी धरा



देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उभे राहिले की उत्तरेला इंद्रायणी आणि दक्षिणेला पवना. या दोन नद्यांमधल्या गावांत आज प्लॉटिंग, गोदामे आणि कारखान्यांच्या शेडची घाई आहे. जमिनीला भाव आला, हे चांगलेच झाले. पण व्यवहार ठरवताना आपण ओढा, बांधावरची झाडे, गायरान यांची किंमत शून्य धरतो. चूक इथेच होते.

याच भागातील एका काकडीच्या प्लॉटचे उदाहरण घ्या. शेजारच्या ओढ्याकाठची करंज, जांभळाची झाडे तोडून भराव टाकला गेला. पुढच्या हंगामात वेल जोमदार, फुले भरपूर. पण काकडी वाकडी आणि टोकाला बारीक. शेतकरी म्हणाला, "साहेब, खत कमी पडलं का?" सकाळी अर्धा तास प्लॉटमध्ये थांबलो, तर मोजून चार मधमाश्या दिसल्या. खत पुरेसे होते, परागीभवन कमी पडले होते. असा माल बाजारात दुय्यम भावाने जातो. भरावाच्या हिशेबात हा खर्च कुणीच मांडला नव्हता.

आता उलट उदाहरण पाहा. आंबेमोहर भात उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो. म्हणून ते बियाणे सगळ्यांनीच टाकून दिले असते तर? वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' वाण काढला व तो १९८७ साली प्रसारित झाला. आज मावळचा तांदूळ त्याच वासावर विकला जातो. जुने वाण म्हणजे पुढच्या पिढीची ठेवच.

नदीचेही तसेच. देहूच्या डोहातील महासीर माशांना श्रद्धेपोटी कोणी धरत नाही. हा मासा स्वच्छ, वाहत्या पाण्यात टिकतो. तो मरू लागला तर सावध व्हा. कारण तेच पाणी मोटारीने आपल्या भाजीला जाते.

मग करायचे काय?

१. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. २०२० च्या मुदतीपूर्वी अनेक ठिकाणी ती घाईत भरली गेली. ग्रामसेवकांनी ती कपाटातून काढून ग्रामसभेत वाचावी. राहिलेले ओढे, झाडे, वाण त्यात लिहून घ्यावेत.

२. भराव, रस्ता किंवा शेडचा ठराव येईल तेव्हा नोंदवही टेबलावर ठेवावी. काय जाणार आणि त्याचा भुर्दंड कोणाला, हे ठरावात लिहावे.

३. बाहेरचा व्यापारी गावातून वनौषधी नेत असेल, तर समितीला त्याच्याकडून शुल्क घेता येते. ते गावाच्या जैवविविधता निधीत जमा होते.

४. फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी, मधमाश्या पोळ्यात परतल्यावर करा.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे जगभरच्या देशांनी हेच मान्य केले, की शेती, उद्योग, बांधकाम अशा प्रत्येक क्षेत्राच्या निर्णयात जैवविविधतेचे मोल धरायचे. आपल्याकडे त्याची सुरुवात ग्रामसभेतच होऊ शकते. सरपंच, सदस्य व शेतकऱ्यांनी येत्या सभेत एवढंच विचारावं, "आपली नोंदवही कुठं आहे?"