खेतडीचे तांबे आणि जयपूरचा निळा रंग

जयपूरच्या सोनारांचे मीनाकाम जगप्रसिद्ध आहे. सोन्यावर कोरलेल्या नक्षीत रंगीत काचेची पूड भरून ती भट्टीत वितळविली की रंग धातूस कायमचा चिकटतो. या नक्षीतील निळा रंग एकेकाळी कोठून येत असे, हे पाहू गेल्यास जयपूरच्या उत्तरेस, अरवलीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत जावे लागते. तेथे खेतडी, सिंघाणा, बबाई ही गावे आहेत. त्यांची ख्याती मात्र तांब्याकरिता आहे.

ती ख्याती फार जुनी आहे. याच डोंगररांगेतील गणेश्वर येथे १९७७ पासून झालेल्या उत्खननात तांब्याची शेकडो बाणाग्रे, मासे धरण्याचे गळ व कुऱ्हाडी सापडल्या. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीचे तिसरे सहस्रक हा होय. एका लहान वस्तीस इतक्या बाणांची गरज असणे कठीण. तेव्हा हडप्पा संस्कृतीच्या नगरांना येथून तांबे जात असावे, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. पुढे अकबराच्या काळी जयपूरजवळच्या बैराटच्या टांकसाळीत तांब्याचे दाम पाडले जात, आणि ऐने-अकबरीत या भागातील खाणींचा उल्लेख आहे.

खेतडीचे मुख्य खनिज सोन्यासारखे पिवळे चकाकते. रसशास्त्राचे ग्रंथ त्यास सुवर्णमाक्षिक म्हणतात. त्यात तांब्यासोबत लोह आणि गंधक असते, आणि या दोघांना दूर सारणे हीच धातुकाराची खरी कसोटी होय.

एकोणिसाव्या शतकातील खाणकाम कसे चाले याचे वर्णन ब्रुक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुंगाची दारू नव्हती. बोगद्याच्या टोकाशी खडकास लागून सरपण रचून पेटवीत. तापून निवलेला खडक तडकला की छिन्नी-हातोड्याने खनिज काढीत. त्या अरुंद, धुराने भरलेल्या वाटांत तेलाच्या दिव्याच्या उजेडात माणसे राबत. वर आणलेले खनिज कुटून, शेणात मळून, वाळवून भाजीत. यात अडाणीपणा मुळीच नव्हता. शेण जळून गेले की गोळा सच्छिद्र होई, आत हवा खेळे आणि गंधक वायुरूपाने निघून जाई. मग लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळून लोणारी कोळशावर, भात्याच्या वाऱ्याने ते वितळवीत. शतकानुशतके साचलेल्या मळीचे ढीग सिंघाण्याच्या आसपास पाहावयास मिळत.

खाणीतला चुराही वाया जात नसे. तो पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून मोरचूद व तुरटी काढीत. आणि तांब्याच्या शिरांजवळ, स्लेटसारख्या काळ्या खडकात, आणखी एक खनिज सापडे. लोक त्यास ‘सेहता’ म्हणत. खडक कुटून धुतला की सेहत्याचे जड कण तळाशी राहत व ते जयपूर, दिल्लीच्या मीनाकारांकडे जात. भूवैज्ञानिक मॅलेट यांनी १८८१ मध्ये परीक्षा करून सांगितले, की सेहता म्हणजे कोबाल्टची गंधक-आर्सेनिकयुक्त खनिजे होत. भाजल्यावर गंधक आणि आर्सेनिक उडून जातात. राहिलेल्या कोबाल्टची चिमूट काचेस गर्द निळी करते. कोबाल्ट हे नाव ठाऊक नसतानाही त्याचा गुण येथील मीनाकारास पक्का ठाऊक होता. तयार रंग मिळू लागल्यावर सेहत्याचा व्यापार मावळला.

तांब्याचीही तीच गत झाली. सरपण महाग झाले, खोल खाणींत पाणी भरले आणि परदेशी तांबे स्वस्त मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर भूवैज्ञानिकांनी हे डोंगर पुन्हा तपासले. १९६७ मध्ये हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी स्थापन झाली व खेतडीस मोठी शुद्धिभट्टी उभी राहिली. तिची क्षमता वर्षाला ३१,००० टन तांब्याची होती. येथील खनिजात तांबे सुमारे शेकडा एकच, त्यामुळे शंभर टन दगड फोडावा तेव्हा जेमतेम एक टन धातू हाती येई. भट्टी २००८ मध्ये थंडावली. खाणी मात्र चालू राहिल्या.

आता तेथे पाळणा शेकडो मीटर खाली उतरतो. १४ मे २०२४ रोजी कोलिहान खाणीत हाच पाळणा कोसळून पंधरा जण अडकले. बचाव पथके रात्रभर खपली. दुसऱ्या दिवशी चौदा जण जिवंत वर आले. एक अधिकारी मात्र वाचू शकला नाही.