पाण्यातील फ्लोराइड : शब्द आणि प्रमाण

सार्वजनिक आरोग्याच्या वादात पुष्कळदा एकाच शब्दाच्या आश्रयाने दोन निरनिराळ्या वस्तूंची चर्चा चालते. ‘फ्लोराइड’ हा असाच एक शब्द होय. अमेरिका व कॅनडा येथे तो नगरपालिकेने पाण्यात बुद्धिपुरस्सर मिसळावयाच्या द्रव्याचा वाचक आहे; विदर्भ-मराठवाड्यातील काही तालुक्यांत तो भूगर्भातून आपोआप येणाऱ्या दोषाचा वाचक आहे. हा अर्थभेद नजरेआड झाला, म्हणजे एकीकडील युक्तिवाद दुसरीकडे गैरलागू असूनही पटू लागतात.

जलफ्लोराइडीकरणाचा आरंभ १९४५ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे झाला. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइडामुळे दातांवरील कवच आम्लास अधिक काळ दाद देत नाही, हे त्यामागील तत्त्व. विरोधकांचा मुख्य आक्षेप संमतीविषयीचा होता : नळाचे पाणी प्रत्येकास प्यावेच लागते, तेव्हा त्यातून औषध देणे ही सक्ती नव्हे काय?

हा आक्षेप तर्कदृष्ट्या क्षुल्लक नाही. तथापि त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. अलास्कातील जूनो शहराने २००७ साली फ्लोराइडीकरण थांबविले. त्यानंतर शासकीय विम्यावर अवलंबून असलेल्या गरीब कुटुंबांतील बालकांवर किडक्या दातांसाठी करावे लागणारे उपचार वाढल्याचे आढळले. कॅल्गरीने २०११ मध्ये तोच मार्ग धरला. पुढे दुसरीतील मुलांची तपासणी झाली, तेव्हा तेथे दंतक्षय सुमारे ६५ टक्के, तर फ्लोराइडीकरण चालू ठेवणाऱ्या एडमंटनमध्ये ५५ टक्के मुलांत दिसला. २०२१ च्या जनमतानंतर कॅल्गरीने २०२५ मध्ये फ्लोराइड पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी यूटा राज्याने मात्र त्यावर बंदी घातली. संपन्न घरातील मुलास दंतवैद्य उपलब्ध असतो; निर्धनाच्या मुलास बहुधा नळच काय तो आधार. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टच्या प्रसारानंतर या उपायाचा लाभ पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्रात प्रश्नाचे स्वरूप उलटे आहे. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळते. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅम ही इष्ट व अन्य स्रोत नसल्यास १.५ ही कमाल मर्यादा आहे. तिच्या बरेच वर दात डागाळतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०२४ मध्ये बालकांच्या बुद्ध्यंकातील घटीशी जो संबंध नोंदविला, तोही १.५ च्या वरील प्रमाणाशीच. आहारात कॅल्शियम अपुरे असलेल्या मुलांना अपाय अधिक होतो. म्हणजे येथेही भार गरिबांच्याच मुलांवर. तुरटी व चुन्याने फ्लोराइड खाली बसविणारी ‘नलगोंडा’ पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली. परंतु ती नित्य देखरेखीवाचून चालत नाही.

खानदेशातील पारोळ्यासारख्या तालुक्यात फ्लोराइड हा शब्द बाहेरून येऊन पोचला, की तो तारक म्हणून स्वीकारणे किंवा विष म्हणून झिडकारणे हे दोन्ही सारखेच उतावीळपणाचे ठरेल. बोरीच्या धरणाचे पाणी आणि शिवारातील खोल कूपनलिकेचे पाणी एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक स्रोताचे प्रमाण मोजणे व ते अंकांत गावासमोर मांडणे ही पहिली पायरी होय. संमती असो वा विरोध, अंकावाचून दोन्ही निरर्थक आहेत.