मूर्सच्या माळावरून व्हिटबीला

इंग्लंडमधले पिकरिंग गाव सोडले की ए-169 रस्ता नॉर्थ यॉर्क मूर्सवर चढतो. ऑगस्ट होता, हीदरच्या झुडपांनी अख्खा माळ जांभळा, मेंढ्या रस्त्याकडेला. होल ऑफ हॉर्कमच्या दरीपाशी गाडी थांबवून आम्ही जोहर अदा केली. वारा मुसल्ला ठरू देईना.

व्हिटबीला जुन्या मठाच्या 199 पायऱ्या अम्मीला चढवेनात. ती बंदरावरच रमली. जाळी, होड्या पाहून तिला रत्नागिरी आठवली. पण तळलेली मासळी घेताना आधी विचारा: मासा हलाल, तरी यॉर्कशायरमध्ये तो बरेचदा गाईच्या चरबीत तळतात, आणि ती जबिह्याची नसते. आम्हाला तिसऱ्या दुकानात तेलातली मिळाली.

स्टेथ्सला गाडी वरच ठेवून गावात पायी उतरायचे. "तुम्ही जा," अम्मी म्हणाली. आम्हीही गेलो नाही.