लेखकाने जाहिरात-लेखन का शिकावे?

मन वळवणारे लेखन म्हणजे वाचकाला एका ठरावीक कृतीकडे नेणारे लेखन. जाहिरातीची कॉपी हा त्याचा नेहमीचा प्रकार; पण हे कौशल्य प्रत्येक लेखकाच्या उपयोगाचे आहे. कादंबरीकार किरण नगरकर यांनीही जाहिरात क्षेत्रात काम केले होते.

बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाचे उदाहरण घ्या. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातील साबण, फॉस्फेट यांमुळे तलावावर फेसाचे थर साचत. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर तेथे आग लागली. या विषयावरची दोन पत्रके पाहा.

अ) जलप्रदूषण ही गंभीर समस्या असून सर्वांनी जागरूक राहावे.

आ) तुमच्या इमारतीचे सांडपाणी शुद्ध होऊनच बाहेर पडते का? सोसायटीच्या समितीकडे या महिन्याचा तपासणी अहवाल मागा.

'अ' खरे आहे, पण ते वाचून नेमके काय करायचे हे कळत नाही. 'आ'मध्ये वाचक ठरलेला आहे, प्रश्न त्याच्या दाराशी आला आहे आणि कृती एकच आहे. ही शिस्त अंगवळणी पडली की निबंध, प्रकल्प-अहवाल, नोकरीचा अर्ज यांतला फापटपसाराही कमी होतो.

मात्र एक पथ्य पाळा. 'साबण बदला, तलाव वाचवा' ही ओळ अधिक चटकदार आहे, पण सांडपाण्याचे मुख्य कारण ती झाकते. म्हणून मन वळवण्याआधी विधान तपासा. वाचक तुमच्या शब्दावर विसंबून पाऊल उचलणार असतो.

सराव : महाविद्यालयातील एखादी सूचना निवडा आणि ती 'आ'प्रमाणे दोन वाक्यांत लिहा.