अननसाच्या मद्याची पारख

वाईन म्हणजे द्राक्षाचीच, असा जाणकारांचा जुना आग्रह आहे. युरोपीय कायद्यातही नुसते ‘वाईन’ म्हटले की द्राक्षमद्यच अभिप्रेत असते. ‘शॅम्पेन’ हे नाव तर फ्रान्समधील एकाच प्रांताचे. त्यामुळे उष्ण कटिबंधातील एखाद्या फळाचे फेसाळ मद्य पुढे आले की, चव घेण्यापूर्वीच ते नक्कल ठरते. हा निवाडा तपासून पाहण्याजोगा आहे.

हवाई बेटांपैकी माउई बेटावर, हालेआकाला पर्वताच्या उतारावरील उलुपालाकुआ येथे १९७४ साली एका मद्यनिर्मिती संस्थेचा आरंभ झाला. द्राक्षवेलींना फळ धरण्यास काही वर्षे लागणार होती. तोवर स्वस्थ न बसता बेटावर मुबलक पिकणाऱ्या अननसाचे मद्य करण्यात आले आणि ही तात्पुरती सोयच पुढे त्या मळ्याची ओळख बनली.

तेथील फेसाळ मद्याची रीत शॅम्पेनचीच आहे. आंबवलेला रस थोडी साखर व यीस्ट घालून बाटलीत कोंडला जातो. तेथे तो दुसऱ्यांदा आंबतो आणि त्यातून निघणारा कर्बवायू, वाट न मिळाल्याने, मद्यातच विरघळतो. या रीतीत लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर सहा वातावरणांइतका दाब निर्माण करते. पेल्यातील बुडबुड्यांमागे एवढा खटाटोप आणि सबुरी असते.

पारख मात्र त्या त्या फळाच्या मापाने व्हावयास हवी. द्राक्षाचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा, अननसाचा सायट्रिक आम्लाचा. बुडबुडे फुटताच पक्व अननसाचा गंध नाकाशी येतो आणि मन गोडीची अपेक्षा धरते. पण साखर बहुतेक आंबून गेलेली असली तर जिभेला आम्ल व वायूची चुणचुण तेवढी जाणवते. अपेक्षाभंगाचा हा दोष मद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. माउईतील मोठ्या कंपनीने २००९ अखेर अननसाचे उत्पादन थांबविले. जुन्या कर्मचाऱ्यांनी छोटी कंपनी काढून ते टिकविले. नाशवंत फळाला ताज्या बाजारापलीकडचा आधार लागतोच. अननस आणि काजू ही दोन्ही फळे आपल्याकडे पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून आणली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या कोकणात मात्र बी उचलली जाते आणि बोंडे बहुतांशी झाडाखाली कुजतात.

मद्य घ्यावे की न घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु आपल्या मातीतील फळाची योग्यता परक्या फळाच्या मापाने ठरविण्याची सवय मोडल्याखेरीज त्या बोंडांना मोल येणार नाही.